अ‍ॅम्प्लिफायर प्रकाश वाढवतो, गोंगाट काढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ऑप्टिकल फायबरवरचा लेख आवडला. मराठीत या विषयावर क्वचितच काही वाचायला मिळतं. पण त्यातलं एक वाक्य खटकलं: ‘वाटेतले अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल स्वच्छ करून पुढे पाठवतात.’ तसं होत नाही. मी खानापूर तालुक्यात फायबर जोडायचं काम करतो, जांबोटी-कणकुंबीपासून नंदगडपर्यंत. हाच गैरसमज कामाच्या जागीही सारखा भेटतो आणि त्याने लाईनचं नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरचा प्रकाश दर किलोमीटरला सुमारे ०.२ डीबी (डेसिबल, घट मोजायचं एकक) घटतो. ८० किलोमीटरला, म्हणजे बेळगावहून धारवाड गाठेपर्यंत, तो चाळिसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांब पल्ल्याच्या लाईनवर मध्ये मध्ये एर्बियम धातूचे अणू मिसळलेल्या फायबरचे अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. १९८७ च्या सुमारास इंग्लंडमधलं साउथॅम्प्टन विद्यापीठ आणि अमेरिकेतली बेल लॅब्ज ही प्रयोगशाळा इथे ते तयार झाले. त्याआधी प्रकाशाची वीज करायची, त्यातले शून्य-एक ओळखायचे आणि पुन्हा लेझरने प्रकाश सोडायचा, असा खटाटोप होता, तोही प्रत्येक लहरीसाठी, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्येक रंगासाठी, वेगळा. एर्बियमने सगळ्या लहरी एका दमात वाढवल्या. पण त्याचे उत्तेजित अणू आपण होऊनही थोडा प्रकाश सोडतात. हाच गोंगाट. तो संदेशाचा नसतो, तरी त्याच धाग्यातून पुढे जातो आणि पुढच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये संदेशाबरोबर वाढतो. देवळात भजनाच्या वेळी भोंगा मोठा केला की पेटीबरोबर खरखरही मोठी होते, तसं.

स्वच्छ करणं हे वेगळं काम. त्याला रिजनरेशन म्हणतात आणि ते वीज न करता प्रकाशातल्या प्रकाशातही करता येतं. बेल लॅब्जच्या पावेल मामिशेव्ह यांनी १९९८ मध्ये मांडलेली रीत मला फार आवडते, कारण तिला लागणाऱ्या वस्तू आमच्या ओळखीच्या आहेत: एक जोरदार अ‍ॅम्प्लिफायर, फायबरचं लांब भेंडोळं आणि एक फिल्टर. प्रकाश खूप तीव्र असला की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो. त्यामुळे ‘एक’चा जोरकस स्पंद भेंडोळ्यातून जाताना त्याच्या लहरी मूळ रंगाच्या दोन्ही बाजूंच्या रंगांत पसरतात, ‘शून्य’च्या जागेवरचा क्षीण गोंगाट पसरत नाही. आता फिल्टर मूळ लहरीवर न लावता थोडा बाजूला सरकवून लावायचा. गोंगाट मूळ जागीच राहिल्याने अडतो, आणि पसरलेल्या स्पंदाचा एक काप तेवढा बाहेर पडतो. आत येताना एक स्पंद जरा उंच, दुसरा जरा ठेंगणा असला तरी बाहेर येणारे जवळजवळ सारखे असतात. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या बेळगावातच आहे. इथल्या मुलांनी प्रोजेक्टसाठी याचं गणित संगणकावर जरूर मांडून पाहावं.

हल्ली माहिती प्रकाशाच्या फेजमध्येही, म्हणजे लहर किती पुढे-मागे सरकली आहे त्यातही, भरतात. तिथला गोंगाट काढण्याचं कामही २०१० मध्ये साउथॅम्प्टनसह युरोपातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत करून दाखवलं. प्रत्यक्ष लाईनवर मात्र ही यंत्रं सहसा दिसत नाहीत. एका फायबरमध्ये डझनावारी लहरी, त्या सगळ्यांना एकत्र स्वच्छ करणं अवघड आणि महाग. शिवाय टोकाच्या रिसीव्हरमधल्या चिपा गणिताने बरंच सावरून घेतात.

आणि रिजनरेटर बसवला तरी त्याला एक मर्यादा आहेच. गोंगाटाने ‘शून्य’ इतका फुगला की तो ‘एक’ वाटू लागला, तर रिजनरेटर त्याचा सुबक ‘एक’ करून पुढे धाडतो. झालेली चूक तो सुधारत नाही, पुढे गोंगाट साठू देत नाही इतकंच. म्हणजे मुळात गोंगाट वाढू न देणं आलंच, आणि तिथे आमच्या जॉइंटचा संबंध येतो.

फायबरचा धागा १२५ मायक्रॉनचा, त्यात प्रकाश चालतो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. कणकुंबीच्या पावसात ताडपत्रीखाली बसून धागा सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने काटकोनात कापायचा आणि स्प्लायसरमध्ये समोरासमोर धरायचा. ठिणगी पडते, दोन टोकं वितळून एक होतात आणि पडद्यावर घट ०.०२ डीबी आली की जीव भांड्यात पडतो. घाईत, ओल्या हाताने केलेला जॉइंट अर्धा डीबीही खातो. असे चार जॉइंट म्हणजे २ डीबी. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: ‘गेन (प्रकाश किती पट वाढवायचा ते) वाढवा, भरून निघेल.’ पॉवरचा आकडा भरून निघतो. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या दाराशी प्रकाशच २ डीबी कमी पोचला, तर त्या टप्प्यावर सिग्नल आणि गोंगाटाचं प्रमाणही तेवढंच घसरतं, आणि ते गेन वाढवून परत येत नाही. (घराघरात जाणाऱ्या लाईनवर सहसा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, मी बोलतोय ते गावं-शहरं जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रंक लाईनबद्दल.)

रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की रात्री, भर पावसात लाईन चालू करणं भाग असतं. तेव्हाचा जॉइंट तात्पुरता म्हणून मारलेला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी एका ठेकेदाराकडे होतो तेव्हा पावसाळ्यानंतर तो नव्याने करायला पैसे कधीच मंजूर झाले नाहीत. माझी मागणी साधी आहे. दसऱ्यानंतर ट्रंक लाईनवरचे असे सगळे जॉइंट ओटीडीआरने (फायबरमध्ये प्रकाश सोडून कुठे किती घट होते ते दाखवणाऱ्या यंत्राने) दोन्ही टोकांकडून तपासावेत, ०.१ डीबीच्या वर असतील ते तोडून नव्याने करावेत आणि हा खर्च दुरुस्तीच्या मूळ ठेक्यातच धरावा. रस्त्याचं काम काढणाऱ्यांनीही खोदायच्या आधी केबलवाल्यांना एक फोन करावा.

पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक फायबर जोडणीकार
ता. खानापूर, जि. बेळगाव