टेपाचं माप

सोलापूर, रविवार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो गं आई, ठेवते" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. दिवाळीत तुझ्या ड्रेसचं माप घेताना मी गप्प झाले, ते रागानं नव्हे. तुझी कंबर साडेतेहतीस इंच भरली. वजन ५३ किलो, हातपाय काडीसारखे, म्हणून मी टेप पुन्हा लावून बघितला. तेवढंच. तू मात्र "मी जाड झाले" म्हणालीस आणि आता रात्रीचं जेवणच सोडलंस म्हणे. मला काळजी त्याची आहे.

माझंच सांगते. तू सातवीत असताना माझं डोकं सतत दुखायचं. दवाखान्यात "तुम्ही बारीक आहात, तुम्हाला काय होतंय?" म्हणाले आणि बीपी न बघताच गोळ्या देऊन पाठवलं. दोन वर्षांनी गल्लीतल्या शिबिरात बघितलं तर १६० वर १००. मी गणवेश शिवता शिवता उठून गेले होते, टेप गळ्यातच होता. डॉक्टरबाईंनी तोच मागून घेतला, माझी कंबर मोजली आणि म्हणाल्या, आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढं गेली की सावध व्हायचं, वजनकाटा काही का सांगेना.

तू राहतेस त्या पुण्यातलेच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपला आणि आपल्या इंग्रज डॉक्टर मित्राचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, अगदी सारखा. पण मित्राच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांच्या पोटात काय दडलेलं असतं, ते मला त्यावरनं कळलं.

मांड्यांवरच्या, कमरेखालच्या चरबीला तू भिऊ नकोस, ती बाईच्या शरीराला लागते. त्रास देते ती पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची. तिच्यातून सूज आणणारी द्रव्यं रक्तात उतरत राहतात. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पदर असतो गं, आपल्या कापडाच्या अस्तरापेक्षा कितीतरी पातळ. तो पदर नायट्रिक ऑक्साइड तयार करतो, त्यानं वाहिनी सैल होते, रक्त सहज वाहतं. चरबीच्या माऱ्यात हे कमी पडत जातं आणि वाहिनी हळूहळू ताठर होते. दुखत नाही, खुपत नाही, विशी-पंचविशीत तर पत्ताही लागत नाही. पण याच वयात ते बरंचसं माघारीही फिरतं. मला कळलं तेव्हा चाळिशी जवळ आली होती, गोळी कायमची लागली.

आणि उपाशी राहून ते माघारी फिरत नाही. तुझी पाळी दोन महिने आली नाही, हे तू ताईला सांगितलंस, मला नाही. खाणं फार तोडलं की बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक घटतं, पाळी थांबते, आणि त्या आतल्या पदराला इस्ट्रोजेनचा तर आधार असतो. म्हणजे ज्यासाठी जेवण सोडलंस, तेच बिघडायचं. या आठवड्यात बाईडॉक्टरला दाखव. बीपी मोजून घे, मशीन हातात दिसलं नाही तर स्वतःहून सांग. पैसे पाठवते.

चालत जा. भरभर चाललं की रक्ताचा जोर त्या पदरावरून फिरतो आणि पदर पुन्हा कामाला लागतो, वजन एक किलोही उतरलं नाही तरी. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. ऑफिसात खुर्चीला चिकटून बसू नकोस, तासाभरानं उठून पाणी पिऊन ये.

पार्सलमध्ये कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. चटणी रोज एक चमचाच घे, मीठ असतं तिच्यात. भाकरी मंगळवेढ्याच्या ज्वारीची आहे, ताकात चुरून रात्री खा. खाल्लीस की मला फोटो पाठव, मी विचारणारच.

माझा जुना टेपही त्यातच ठेवलाय. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लाव, श्वास सोडून, पोट आत न ओढता. महिन्यातून एकदाच, रोज नको. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा सकाळी सिद्धेश्वर तळ्याकडे दोघी चालत जाऊ, माझंही माप तूच घे.

तुझी,
आई