‘ब्रिटिश चालेल, अमेरिकी नको’ म्हणण्याआधी मालक पाहा

महोदय,

‘अमेरिकी माल नको, ब्रिटिश चालेल’ या विषयावर आपल्या वाचकांच्या पत्रांत सध्या जी जुंपली आहे, ती मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर वाचतो. दिवसभर तीच फळीसमोर ऐकतोही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, २४ जुलैला, भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार करार झाला होता. एकाने लाथाडले, दुसऱ्याने हात मिळवला, एवढाच हिशेब करून कोणीतरी मोबाइलवर एक यादी फिरवली आहे. डाव्या रकान्यात बहिष्काराचा अमेरिकी माल, उजव्या रकान्यात चालणारा ब्रिटिश. यादी करणाऱ्याने आयुष्यात कधी पुड्याची मागची बाजू वाचली नसावी.

परवा एका काकांनी हॉर्लिक्सची बाटली परत ठेवली आणि बोर्नव्हिटा घेतला. कोणीतरी त्यांना हॉर्लिक्स अमेरिकी असल्याचे सांगितले होते. सांगणारा अगदीच खोटा नव्हता. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे सख्खे भाऊ मूळचे इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचे, पण त्यांनी कंपनी काढली ती १८७३ मध्ये शिकागोत. माल्टेड मिल्कचे पेटंटही १८८३ मध्ये अमेरिकेतच घेतले. नंतर जेम्स मायदेशी परतला आणि लंडनजवळच्या स्लाऊ गावात लाल विटांचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून जग त्याला ब्रिटिश समजू लागले. पुढे तो बीचम कंपनीकडे, मग ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडे आणि एप्रिल २०२० मध्ये आपल्याकडे हिंदुस्थान युनिलिव्हरकडे, म्हणजे लंडनच्या युनिलिव्हरच्या भारतातल्या कंपनीकडे गेला. म्हणजे आज नफ्याचा मोठा वाटा लंडनला जातो. काकांनी त्याऐवजी घेतलेल्या बोर्नव्हिट्याची मालक कंपनी मोंडेलीझ. तिचे मुख्यालय कुठे? शिकागोत!

याच स्लाऊमध्ये १९३२ साली फॉरेस्ट मार्स नावाच्या अमेरिकी माणसाने मार्स बार तयार केला. ब्रिटिशांनी अमेरिकेत जाऊन पेय काढायचे आणि अमेरिकी माणसाने ब्रिटनमध्ये येऊन चॉकलेट, असा हा सगळा मामला आहे. आता लावा रकाने.

सर्वांत मोठा घोळ कॅडबरीचा. यादीत ती उजवीकडे, ‘चालेल’मध्ये आहे. जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान टाकले, म्हणजे गडी मूळचा आमच्याच धंद्यातला. त्यांच्या मुलांनी गावाबाहेर बोर्नव्हिलला कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभारली, १९०५ मध्ये डेअरी मिल्क आली, राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून राजघराण्याचा शिक्का मिळाला. यापेक्षा अधिक ब्रिटिश काय असणार? पण २०१० मध्ये क्राफ्ट या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेअकरा अब्ज पौंड मोजून ती विकत घेतली. सौदा होईपर्यंत ब्रिस्टलजवळचा सोमरडेल कारखाना चालू ठेवू असे सांगितले आणि कंपनी हातात येताच काही दिवसांत तो बंदच करणार असल्याचे जाहीर केले. काम पोलंडला गेले. ब्रिटनमध्ये त्यावर एवढा गदारोळ झाला, की कंपन्या ताब्यात घेण्याचे नियमच पुढे कडक करण्यात आले. २०१२ मध्ये क्राफ्टची वाटणी होऊन कॅडबरी मोंडेलीझच्या वाट्याला आली. २०२४ च्या अखेरीस राजे चार्ल्स यांच्या पुरवठादारांच्या यादीतूनही तिचे नाव गेले. माहेर बर्मिंगहॅमचे, सासर अमेरिकेचे, आणि आपण अजून माहेरच्या नावानेच हाक मारतो.

गंमत म्हणजे अमेरिकेत विकली जाणारी कॅडबरी मोंडेलीझ बनवतच नाही. तिथला परवाना हर्शी कंपनीकडे आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी तिथल्या सुपरमार्केटातून डेअरी मिल्क घेतली, तर ती हर्शीची असते. ब्रिटनमधली अस्सल डेअरी मिल्क मागवून विकणाऱ्या तिथल्या व्यापाऱ्यांना हर्शीने कोर्टात खेचले आणि २०१५ मध्ये तडजोड होऊन ती आयात थांबली. अमेरिकेतल्या इंग्रजांनी तेव्हा केवढा आक्रोश केला होता! चव वेगळी लागते, हे त्यांचे म्हणणे.

आणि माझ्या काउंटरवरची कॅडबरी? कंपनी भारतात १९४८ पासून आहे. ठाण्यात तिच्या नावाचा चौक आहे, ‘कॅडबरी जंक्शन’ म्हटले की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. तळेगावजवळ इंदुरीला कारखाना आहे. तिथे पाळीवर जाणारी माणसे मावळातली, आसपासच्या गावांतली. त्यांची गणती यादीवाल्याने कुठल्या रकान्यात केली आहे?

कोलगेटवर तर सगळ्यांचा राग. विल्यम कोलगेटने १८०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धंदा सुरू केला, तेव्हा कंपनी अमेरिकी खरीच. माणूस मात्र इंग्लंडच्या केंट परगण्यात जन्मलेला. कोलगेट सोडून लोक ‘ब्रिटिश’ पेप्सोडेंट घेतात. ती निघाली शिकागोत, युनिलिव्हरने नंतर विकत घेतली. पाँड्स आणि व्हॅसलिन याही अमेरिकेत जन्मलेल्या आणि आज युनिलिव्हरच्या. व्हिक्स अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाचा, आज प्रॉक्टर अँड गॅम्बलचा, आणि आपल्या देशात त्याच्या डबीवर चक्क ‘आयुर्वेदिक औषध’ छापलेले असते. ते आता कोणी कसे तोलायचे ते तोलावे.

लक्स हा ब्रिटिश लिव्हर बंधूंचा ब्रँड खरा, पण अंघोळीचा लक्स साबण पहिल्यांदा विकला गेला तो १९२५ मध्ये अमेरिकेत. आपल्याकडे १९४१ मध्ये त्याच्या जाहिरातीत झळकणारी पहिली भारतीय नटी म्हणजे आपल्या लीला चिटणीस. त्या काळी कोणाला प्रश्न पडला असता, तर तो ‘स्वदेशी की विलायती’ एवढाच पडला असता. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला बाबू गेनू विलायती कापडाच्या लॉरीसमोर आडवे झाले, तेव्हा ते कापड कोणाचे, नफा कोणाचा आणि गिरणी कुठली, या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर होते. त्या ‘विलायती’शी आज आपण ‘चालेल’ म्हणून इतक्या सहज समेट करतो, याचे मला थोडे नवल वाटते. पण तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

बहिष्काराला माझा विरोध नाही. ज्याला घ्यायचे नाही त्याने घेऊ नये, बदली माल मी आनंदाने देईन. आमचे मार्जिन दोन्हीकडे थोडेच असते. माझे म्हणणे एवढेच, की ‘ब्रिटिश की अमेरिकी’ हा वाद वस्तूचा जन्म कुठे झाला यावर घालू नये. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोण कुठे जन्मला याने आज कोणाचा खिसा भरतो ते कळत नाही. आजचा मालक पाहावा. हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये जवळपास ६२ टक्के हिस्सा लंडनच्या कंपनीचा आहे, भारतातल्या कोलगेटमध्ये ५१ टक्के न्यूयॉर्कच्या कंपनीचा. बाकीचे शेअर इथल्या-तिथल्या गुंतवणूकदारांचे, म्हणजे कदाचित तुमच्या म्युच्युअल फंडाचेही. उलट ज्या टेटली चहाला लोक पक्का इंग्रज समजतात, तो २००० साली टाटांनी घेतला. थम्स अप आपल्या चौहानांची, पण १९९३ पासून कोका-कोलाची. यादीत मी टेटली उजवीकडे आणि थम्स अप कुठेच नसल्याचे पाहिले.

पुड्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, वजन, एमआरपी, महिना हे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मूळ कंपनी कोणाची हे छापण्याची सक्ती नाही, म्हणून मुंबई किंवा गुरुग्रामचा पत्ता वाचून गिऱ्हाईक गोंधळते आणि शेवटी मला विचारते. तेव्हा संपादक महोदय, वाद चालू ठेवायचा असेल तर अवश्य ठेवा, पण एकदा ठळक चौकटीत घरोघरी लागणाऱ्या पंचवीस-तीस वस्तूंची नावे द्या. समोर आजचा मालक, त्याचा देश आणि माल भारतात कुठे तयार होतो, एवढेच. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत हे सगळे उघड असते, आपल्या वार्ताहराला फार धावपळ करावी लागणार नाही. ते कात्रण मी गल्ल्याशेजारी चिकटवीन.

आपला,
एक किराणा दुकानदार, कराड