बाबा, गाळा घेतला आहे

मुंबई

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

कारखान्याच्या टूलरूममधली, म्हणजे साचे-हत्यारे बनवण्याच्या विभागातली, नोकरी मी सोडली असून साकीनाक्याला एक गाळा भाड्याने घेतला आहे, ही बातमी ताईकडून तुमच्या कानी आलीच असेल. राजीनामा मंजूर झाला आहे आणि गाळ्याचा करारही नोंदवून झाला आहे, त्यामुळे हे पत्र परवानगीसाठी नाही. पण बाबांनी रात्री जागून माझे हिशेब मांडू नयेत आणि आईने नवे नवस बोलू नयेत, एवढ्यासाठी सगळे सविस्तर कळवीत आहे.

बाबा, संपानंतर तुम्ही दुसऱ्यांच्या गाळ्यांत जे दिवस काढले ते मी पाहिले आहेत, आणि महिन्याच्या पगाराला तुम्ही इतके का जपता हेही मला ठाऊक आहे. परंतु टूलरूममध्ये माझे काम अलीकडे संगणकासमोर बसून दुसऱ्यांचे आराखडे तपासण्यापुरते उरले होते, आणि हाताला काम मिळत होते ते फक्त रविवारी. आता रविवारचेच काम रोज करणार आहे: जुन्या मोटरसायकली नव्याने उभ्या करायच्या आणि बाजारात न मिळणारे भाग घडवायचे. यझ्दीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी त्या गाड्या जिवापाड जपणारी माणसे मुंबईत अजून आहेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर व चोरबाजारात हिंडूनही जे हाती लागत नाही त्याचा नमुना घेऊन ती माझ्याकडे येतात. घर चालेल ते बुश, स्पेसर, लिव्हर अशा छोट्या सुट्या भागांवर. अख्खी गाडी बांधण्यात कौतुक जास्त आणि पैसा उशिरा, हे मी सूनबाईलाही स्पष्ट सांगितले आहे.

मन मात्र पेट्रोलच्या टाकीत रमते. आधी पुठ्ठ्याचे साचे कापायचे, मग अठरा गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने ठोकून फुगवायचा, दोन चाकांमध्ये पत्रा दाबणाऱ्या मशिनीत पुन्हा पुन्हा फिरवून गुळगुळीत करायचा आणि दोन्ही अर्धे एकमेकांना बसले की टिग वेल्डिंगने जोडायचे. पत्रा तापून वाकू नये म्हणून एक टाका या टोकाला आणि दुसरा समोरच्या टोकाला घ्यायचा, हे तुम्ही मला शाळेत असताना दाखवले होते. आजही तसेच करतो. शेवटी टाकीत हलकी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतो, आणि एकही बुडबुडा आला नाही की तुम्हांला फोन करावासा वाटतो.

आई, वेल्डिंग करून आले की बाबा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे तळमळायचे आणि तू त्यांच्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून उशाशी बसायचीस, ते आठवून तू घाबरणार हे मला माहीत आहे. आताच्या हेल्मेटची काच ठिणगी पडताक्षणी आपोआप काळी होते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मी घासून साफ केल्याशिवाय जोडत नाही, कारण त्याच्या धुराने ताप भरतो. जुनी टाकी आतून पूर्ण धुऊन, वाफ घालवल्याशिवाय तिला ज्योत दाखवत नाही. गाळ्याला मोठी खिडकी आहे, पंखा आहे, पाणी दिवसभर असते, आणि डबा घरूनच येतो. उगाच विचारू नकोस, भाजीही खातो.

वर्तमानपत्रात रोडरोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरचे फोटो पाहून बाबा पोलिसांची काळजी करतील, म्हणून तेही लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले आहे. त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्या गाडीची चासी कापायला मी सरळ नकार देतो, गिऱ्हाईक कितीही रुसले तरी. केवळ प्रदर्शनासाठी बांधायची गाडी वेगळी. ती टेम्पोतून जाते आणि टेम्पोतूनच परत येते.

तुमच्या महिन्याच्या रकमेला या सगळ्यात हात लागणार नाही. ती वर्षभराची वेगळी ठेवली आहे, आणि विम्याचा हप्ताही भरला आहे. बाबा, गावची जागा विकण्याचा विषय पुन्हा काढू नका. दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीपूर्वी करायचेच आहे, तेव्हा तारीख घेऊन मला कळवा. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करायची नसते आणि कौले शाकारायला तुम्ही स्वतः चढायचे नाही, गडी बोलवायचा. आई, पंप बसवला आहे तो वापर. विहिरीचे पाणी तू ओढलेस तर तुझ्या गुडघ्यांबद्दल मी कोणाचेही ऐकणार नाही.

एक गोष्ट लिहिताना जड जात आहे. या वर्षी गणपतीला मला पाच दिवस राहता येणार नाही. पहिली पूर्ण गाडी दसऱ्याला द्यायची आहे, म्हणून दीड दिवसच येईन. सूनबाई आणि मुले मात्र विसर्जनापर्यंत थांबतील, आणि आरतीची तबके मुलेच घासतील असे त्यांनी कबूल केले आहे. त्या दीड दिवसात बाबांनी त्यांचा जुना मायक्रोमीटर तेल लावून माझ्यासाठी काढून ठेवावा. नवा घेता येईल, पण मला तोच हवा आहे.

तुमचा,
धाकटा