मलेरियाची १४ दिवसांची गोळी आणि त्याआधीची तपासणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की मुंबईत मलेरियाचे रुग्ण वाढतात. त्यातल्या व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाच्या रुग्णाला दोन औषधे मिळतात : तीन दिवसांची क्लोरोक्विन आणि १४ दिवसांची प्रायमाक्विन. पहिलीने ताप उतरतो, म्हणून ती सगळे घेतात. दुसरीची पाकिटे अर्धवट सोडून फ्रिजवर पडलेली असतात. ही गोळी का पुरी करायची आणि कुणी ती अजिबात घ्यायची नाही, या दोन्ही गोष्टी रुग्णाला एकाच वेळी सांगायला हव्यात. गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते.

क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. प्रौढाला १५० मिग्रॅ बेस (म्हणजे मूळ क्लोरोक्विन) असलेल्या गोळ्या पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४ आणि तिसऱ्या दिवशी २. पण व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. त्यांच्यावर क्लोरोक्विनचा परिणाम होत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि पुन्हा हुडहुडी भरते. घरच्यांना वाटते, परत डास चावला. खरे तर तो जुनाच मलेरिया असू शकतो. यकृतातल्या जंतूंसाठी प्रायमाक्विन असते : प्रौढाला रोज १५ मिग्रॅ, सलग १४ दिवस. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. ही गोळी उपाशीपोटी घेतली की पोटात कळ येते, मळमळते, आणि बरेच जण त्यामुळेच ती सोडतात. जेवणानंतर घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

आता दुसरी बाजू. गरोदर स्त्रिया आणि तान्ही बाळे यांना प्रायमाक्विन देत नाहीत. त्याखेरीज काही माणसांच्या लाल रक्तपेशींत जी६पीडी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते. एरवी ती ठणठणीत असतात आणि कित्येकांना हे आयुष्यभर कळतही नाही. हे एन्झाइम लाल पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवते. ते कमी असताना प्रायमाक्विनसारखे औषध पोटात गेले की पेशी फुटू लागतात, आधी जुन्या पेशी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते, डोळे पिवळे दिसतात, जिना चढताना धाप लागते. असे दिसले तर पुढची गोळी घेऊ नये आणि पाकीट बरोबर घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मलेरियानेही लघवी गडद होऊ शकते, म्हणून घरी अंदाज बांधत बसू नये.

हा दोष परदेशी पुस्तकातला नाही. याच्या एका प्रकाराच्या नावात आपले कल्याण शहर आहे. १९८०च्या दशकात एका कोळी कुटुंबात तो सापडला. पुढे केरळमधला प्रकार तोच निघाला आणि दोघांचे मिळून केरळ-कल्याण असे नाव झाले. पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींतही हा दोष तुलनेने जास्त आढळतो. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यामुळे आईकडून मुलाकडे आला की मुलात तो पुरेपूर दिसतो. स्त्रीत बहुधा अर्धवट असतो.

तपासणी सोपी आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडे रक्त घेतात, ते रसायनात मिसळून ठरावीक मिनिटांनी त्याचे थेंब गाळणकागदावर टाकतात आणि वाळल्यावर अंधारात अतिनील दिव्याखाली धरतात. थेंब निळसर चमकला तर एन्झाइम आहे. काळाच राहिला तर कमी आहे. या पद्धतीत अर्धवट दोष असलेली स्त्री मात्र निसटू शकते, कारण तिच्या निम्म्या चांगल्या पेशीही थेंब चमकवतात. तिच्यासाठी एन्झाइमचे प्रत्यक्ष प्रमाण मोजणारी चाचणी करावी. दुसरी चूक त्याहून घातक आहे. पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासणी केली तर ती नॉर्मल येऊ शकते. जुन्या पेशी आधीच गेलेल्या असतात आणि नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असते. रक्त चढवल्यानंतरही तसेच, कारण मोजले जाते ते रक्तदात्याचे एन्झाइम. अशा वेळी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. तपासणीसाठी क्लोरोक्विन थांबवू नये. ती लगेच सुरू करावी. प्रायमाक्विनला दोन दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. दोष निघालाच तर प्रायमाक्विनचा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असा पर्याय आहे. पण तो फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

कुष्ठरोगावरचे डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन, औषध म्हणून दिला जाणारा मिथिलीन ब्लू हा निळा रंग यांचाही अशा माणसांना धोका असतो. आणि आपल्या घरातली एक वस्तू : डांबरगोळ्या. बाळंतपणासाठी जपलेली जुनी दुपटी, झबली, टोपरी ट्रंकेतून काढतात आणि वास जाण्याआधीच बाळाला गुंडाळतात. डांबरगोळीतले नॅफ्थलीन श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते, अंगाला तेल चोळलेले असेल तर अधिकच. जी६पीडी कमी असलेल्या नवजात बाळाची कावीळ त्याने इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. ठेवली गेली असेल तर कपडे धुऊन, कडक उन्हात घालून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत.

महापालिकेला दोन विनंत्या आहेत. प्रसूतिगृहांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची जी६पीडी तपासणी व्हावी आणि निकाल लसीकरणाच्या कार्डावर लिहावा. दोष असेल तर लाल शाईत, टाळायच्या औषधांच्या नावांसह. आणि मलेरियाच्या केसपेपरवर प्रायमाक्विनच्या ओळीशेजारी 'जी६पीडी तपासले : होय / नाही' अशी चौकट छापावी.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, परळ, मुंबई