वरचा भाग कापू नकोस

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

कामगारांच्या चित्रांवरच्या व्याख्यानासाठी केलेल्या स्लाइड्स मिळाल्या. क्रम चांगला लागलाय, पण एक चूक आधी दुरुस्त कर. अमेरिकन चित्रकार बेन शानच्या ‘मायनर्स वाइव्ह्ज’चा (खाणकामगारांच्या बायका) वरचा भाग तू कापला आहेस. चेहरा मोठा दिसावा म्हणून केलं असशील, पण त्यात वर टांगलेले कपडे गेले आणि चित्राचा अर्धा अर्थही त्यांच्यासोबत गेला.

ते कपडे म्हणजे घरचं वाळवण नव्हे. खाणीवर कामगारांची कपडे बदलायची खोली असते. तिथे घरून घालून आलेले कपडे आकड्याला अडकवायचे आणि साखळीने छतापर्यंत ओढून घ्यायचे. खाली जागा मोकळी राहते, आणि वर गरम हवा असल्याने ओले कपडेही वाळतात. पाळी सुटली की अंघोळ करून तेच कपडे घालून घरी जायचं. इलिनॉयमधल्या सेंट्रलिया इथल्या ५ नंबरच्या खाणीत २५ मार्च १९४७ रोजी दुपारी स्फोट झाला, तेव्हा बायका याच खोलीत, आपापल्या नवऱ्याच्या कपड्यांखाली बसून राहिल्या. म्हणून चित्रातली बाई हात एकात एक गुंतवून उभी आहे. मागे एक म्हातारी मूल घेऊन बसली आहे आणि दारापलीकडे दोन पुरुष पाठमोरे निघून चालले आहेत. वाईट बातमी सांगून झालीय, हे त्या दोन पाठींवरून कळतं. बोटं नीट बघ: चेहऱ्याच्या मानाने हात मोठे, गाठाळ काढले आहेत.

स्फोटाचं कारणही सांग, नाहीतर ऐकणाऱ्यांना तो दैवाचा घाला वाटेल. त्या वेळी खाली १४२ माणसं होती, त्यांतली १११ गेली. ६५ जण भाजून किंवा मार लागून मेले. बाकीच्यांचा जीव स्फोटानंतर पसरलेल्या विषारी वायूने घेतला. कोळसा फोडायला लावलेल्या सुरुंगाचा एक बार सगळी खाण पेटवत नाही, ते काम कोळशाच्या धुळीचं. सुरुंगाच्या भोकात दारूवर चिकणमाती ठासायची असते. तिच्या जागी कोळशाचाच चुरा ठासला की ज्वाळा बाहेर फेकली जाते. धक्क्याने जमिनीवरची, भिंतींवरची धूळ उधळते आणि ज्वाळा तिच्यामागून धावत सुटते. उपाय स्वस्त आहे: बोगद्यात चुनखडीची बारीक भुकटी मारायची. ती उष्णता शोषते आणि आग पुढे सरकू देत नाही. अमेरिकेच्या १९६९ च्या कायद्याने अशा धुळीत न जळणारा भाग किमान ६५ टक्के ठरवला. सेंट्रलियात भुकटी अपुरी असल्याचं सरकारी निरीक्षक लेखी कळवत होता, पुन्हा पुन्हा. शानने या घटनेवरची रेखाटनं हार्पर्स मासिकाच्या मार्च १९४८ च्या अंकासाठी केली. हे चित्र त्यांतूनच आलं.

माध्यमाबद्दल तू फक्त ‘टेम्परा’ लिहिलं आहेस. अंड्याचा टेम्परा, असं लिही. बलक पांढऱ्यापासून सोडवायचा, चिमटीत धरून पापुद्रा फोडायचा आणि आतला द्रव तेवढा घ्यायचा. पाण्यात खललेल्या रंगाच्या लगद्यात तो साधारण समप्रमाणात घालायचा. बलक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर रंग तेलकट होतो आणि पुढे तडकतो. शिवाय तो क्षणात वाळतो, त्यामुळे तैलरंगासारखी छटा छटेत मिसळता येत नाही, रेघेवर रेघ टाकत जावं लागतं. शानच्या रंगाचा तो कोरडेपणा आणि हातांवरची ती तीक्ष्ण रेघ या माध्यमाशी अशी जुळते.

अमेरिकन चित्रकार अँशुट्झच्या ‘आयर्नवर्कर्स नूनटाइम’ (१८८०) या चित्राखाली आकार नक्की घाल: सुमारे ४३ बाय ६१ सेंटिमीटर. पडद्यावर ते भिंतभर दिसतं आणि लोक फसतात. वेस्ट व्हर्जिनियात व्हीलिंगला खिळ्यांचा कारखाना होता, तिथली ही जेवणाची सुट्टी. भट्टीची आग नाही, कोणी घण मारत नाही. उघड्या अंगाने माणसं धुतायत, आळोखेपिळोखे देतायत. पुढे साबणवाल्यांनी त्यावरून जाहिरात केली. अंग धुणारे कामगार त्यांना आयतेच मिळाले!

मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराची डेट्रॉइटमधली भित्तिचित्रं मात्र या व्याख्यानात कोंबू नकोस. सत्तावीस फलक आहेत, वेगळा तास लागेल. त्याऐवजी अमेरिकन चित्रकार फ्लेचर मार्टिनचं ‘माइन रेस्क्यू’ घे, कोळशाची खाण नसली तरी. आयडाहोतल्या केलॉग गावच्या टपाल कार्यालयासाठी १९३९ साली स्पर्धेत निवडलं गेलेलं हे भित्तिचित्र: जखमी खाणकामगाराला स्ट्रेचरवरून नेतायत. गावातल्या उद्योजकांनी हरकत घेतली. शेवटी भिंतीवर आलं ते खाणीचा शोध लागल्याचं चित्र, त्या शोधाच्या दंतकथेतल्या गाढवासकट. गाढवाला कुणाची हरकत नव्हती.

स्लाइड दुरुस्त केलीस की पुन्हा पाठव.

तुझा,
विनायक