विषय : २० इंची शाफ्टच्या (दांड्याच्या) इंजिनाचे पैसे घेऊन १५ इंची शाफ्टचे इंजिन दिल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्री व ग्राहक सेवा विभाग,
गोवा शाखा

मु. पो. देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
दि. १२ जानेवारी २०२६

महोदय,

गेल्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबर २०२५ रोजी, मी आपल्याकडून ९.९ हॉर्सपॉवरचे फोर स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन घेतले. किंमत २ लाख ४२ हजार रुपये, सगळी एकरकमी. तेव्हापासून आपला माणूस माझ्याकडे चार वेळा येऊन गेला आणि चारही वेळा दोष माझ्यात, माझ्या पेट्रोलात किंवा कर्ली खाडीच्या वाळूत निघाला. इंजिनात काय बिघडले आहे ते आता मला कळले आहे. ते बिघडलेलेच नाही. ते आखूड आहे.

आधी माझ्याविषयी सांगतो, म्हणजे पुढचे मुद्दे मी होडीतला पंडित म्हणून मांडतो आहे असे आपल्याला वाटणार नाही. माझी सव्वीस वर्षे मुंबईत नोकरीत गेली. गावी परत आलो, घराच्या मागे खाडी आहे, म्हणून २१ फुटी फायबरची होडी बांधून घेतली. पर्यटकांना कांदळवन, पक्षी आणि खाडी-समुद्राचा संगम दाखवून आणायचे, एवढाच धंदा. होडी मीच चालवतो, पगारी माणूस नाही. मासेमारी आमच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीच संपली. त्यामुळे वल्हे कसे धरायचे इथपासून माझी सुरुवात होती आणि गावाने त्यावर यथेच्छ करमणूक करून घेतली.

सुरुवातीच्या चुका माझ्याच होत्या, त्या कबूल करतो. पहिल्याच दिवशी अर्धा तास दोरी ओढून हाताला फोड आणले आणि मग कळले की बंद करण्याच्या बटणातली लाल क्लिप मी लावलेलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात इंजिन वीस मिनिटे छान चालायचे आणि मग आचके देऊन बंद पडायचे. आपला मेकॅनिक आला, त्याने पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल केला, माझ्याकडे पाहिले आणि भेटीचे ८०० रुपये घेतले. टाकीत हवा गेली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसे, हे मला कळायला हवे होते. ते ८०० रुपये मी शिकवणीची फी समजून दिले आणि त्याबद्दल आजही तक्रार नाही. खारे पाणी आतून धुऊन काढण्यासाठी इंजिन दररोज गोड्या पाण्यावर चालवायचे असते, हेही पहिले चार दिवस मला माहीत नव्हते. माहितीपुस्तक इंग्रजीत आणि जपानीत होते. त्यातले इंग्रजी मी वाचू शकतो. माझ्या वाडीत आऊटबोर्ड वापरणारे बरेच जण ते वाचू शकत नाहीत, एवढे जाता जाता सांगतो.

खरी भानगड नोव्हेंबरात सुरू झाली. मी एकटा होडी घेऊन गेलो की इंजिन शिवणयंत्रासारखे चालायचे. गिऱ्हाईक बसवून निघालो की दहा-पंधरा मिनिटांत आवाज एकदम चढायचा, पाण्यातला पंखा नुसताच भिरभिरायचा आणि मागून पडणारी पाण्याची धार तुटायची. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून सगळे एकच बजावतात, “मशीन मुतता की नाय, ता बघीत ऱ्हव.” ती धार म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी आत फिरत असल्याची खूण. ती थांबली की मी इंजिन बंद करायचो, थोडे थांबायचो, पुन्हा चालू करायचो. पाहुणे म्हणायचे, “काका, नवीन आहे ना हे?” मी म्हणायचो, “हो, नवीनच आहे.” त्यांना बहुतेक मीच अभिप्रेत असायचो.

१४ नोव्हेंबरला आपल्या मेकॅनिकने पेट्रोलला दोष दिला. हल्लीच्या ई-२० पेट्रोलमधले इथेनॉल हवेतली ओल शोषते, फार ओल धरली की पाणी खाली बसते आणि इंजिन आचके देते. हे शास्त्र बरोबर आहे. पण म्हणून मी टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले, आणि सकाळी थर नव्हता. तरीही आपल्या सांगण्यावरून टाकी रिकामी करून धुतली आणि पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला. खर्च १,९५० रुपये. फरक शून्य.

२८ नोव्हेंबरला वाळूची पाळी आली. खालच्या पंपातले रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, वाळूने खाल्ले असे निदान झाले आणि मजुरीसकट ३,२०० रुपये घेऊन ते बदलले. जुना इम्पेलर मी मागून घेतला, तो माझ्याकडे आहे. वाळूने झिजलेल्या रबरावर ओरखडे दिसतात. याची पाती कडक होऊन चकाकताहेत, एक टोक वितळले आहे. म्हणजे ते पाण्याशिवाय कोरडे फिरले आहे. पंपाला पाणी का मिळत नव्हते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता तर पुढचे टळले असते.

२० डिसेंबरला मेकॅनिकने माझ्याच अंगणात ड्रममध्ये पाणी भरून इंजिन अर्धा तास चालवले. धार मस्त. सर्व्हिस कार्डावर इंजिन ‘ओके’ आणि शेरा ‘चालकाची चूक’ असे लिहिले आणि तो गेला. ड्रमात ते चालणारच होते. ड्रमात पाणी काठोकाठ असते आणि ड्रमाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सांगलीचे कुटुंब बसलेले नसते.

आता २८ डिसेंबरचा रविवार. नाताळच्या सुट्टीची गर्दी, माझ्या होडीत सहा जण, त्यांत एक आजी आणि चार वर्षांची मुलगी. सगळ्यांना लाइफ जॅकेट घातलेली होती. सकाळी दहाच्या सुमारास, सुकती, म्हणजे ओहोटी, चालू असताना, संगमाच्या अलीकडे सगळे जण फोटोसाठी पुढे सरकले. मागची बाजू उचलली गेली, इंजिन किंचाळले, धार तुटली आणि गरम होऊन ते बंद पडले. पुन्हा चालू झाले नाही. आपण गोव्याचे, त्यामुळे नदीच्या मुखाजवळ सुकतीत बंद होडी कुठे जाते हे आपल्याला समजावण्याची गरज नाही. एका बाजूला भोगवे गावाची वाळू, समोर फुटणाऱ्या लाटा, मध्ये आम्ही. मी नांगर टाकला. तो पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा धरला. पंचवीस मिनिटांनी एका मच्छीमाराने दोर टाकून आम्हाला परत आणले. अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी होती, म्हणून ओढ कमी होती. सहा दिवसांनी पौर्णिमा होती. त्या उधाणात हेच घडले असते तर हे पत्र मी लिहिले नसते, दुसऱ्या कोणीतरी लिहिले असते.

मी पाहुण्यांचे पैसे परत केले. आजींनी ते घेतले नाहीत आणि उलट मलाच पाणी प्यायला दिले. ते अजून मनातून जात नाही.

त्यावर आपले ३० डिसेंबरचे उत्तर आले : ‘चालकाच्या अननुभवामुळे झालेला बिघाड, तसेच व्यावसायिक वापर असल्याने वॉरंटी लागू नाही.’

४ जानेवारीला शेजारचे एक काका होडीपाशी आले. वय सत्तरीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. त्यांनी इंजिनाकडे पाहिले, वाकून होडीच्या मागच्या फळीखाली हात घातला, विती मोजल्या आणि म्हणाले, “मशीन आखूड आसा रे. पाणी खयसून वडतला?”

मग मी टेप आणला. होडीची मागची फळी २० इंच उंच. इंजिन फळीवर टेकते तिथपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत १५ इंच. ही पट्टी होडीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी लागते. माझी पट्टी तळाच्या पाच इंच वर आहे. पाणी आत घेणाऱ्या जाळ्या तिच्या जेमतेम खाली. मी एकटा मागे बसलो की होडी मागून दबते आणि जाळ्या पाण्यात राहतात. माणसे पुढे बसली की मागची बाजू उचलते आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. तीन महिन्यांचे कोडे पाच मिनिटांत सुटले.

आता आपली कागदपत्रे पाहा. ऑर्डर फॉर्मवर आपल्याच विक्री प्रतिनिधीच्या हस्ताक्षरात ‘फळी २० इंच, लाँग शाफ्ट’, म्हणजे लांब दांड्याचे इंजिन, असे आहे. बिलावरही लाँग शाफ्ट आहे. इंजिनावरच्या पाटीत मॉडेलच्या शेवटी मात्र ‘एस’ हे अक्षर आहे, म्हणजे शॉर्ट. ६ ऑक्टोबरला इंजिन बसवायला आलेल्या माणसाने क्लॅम्प आवळले, माझी सही घेतली आणि शेवटची एसटी गाठायला तो पळाला. त्याने खाली वाकून पाहिले नाही. मीही पाहिले नाही, पण मला काय पाहायचे ते माहीत नव्हते. त्याला माहीत असायला हवे होते, त्याचेच तर पैसे मी दिले. माझे लाँग शाफ्ट इंजिन बहुधा कोणाच्या तरी बुटक्या होडीला लागले असेल आणि तो बिचारा खाडीचा तळ नांगरत असेल. त्या दिवशीच्या विक्रीची नोंद काढून त्यालाही कळवा.

‘व्यावसायिक वापरा’बद्दल एवढेच सांगतो की फॉर्मवर ‘प्रवासी होडी’ हे शब्दही आपल्याच माणसाने लिहिले आहेत. तेव्हा चालले, आता चालत नाही, असे कसे? आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. त्याच कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोग ओरोसला आहे, त्यामुळे हेलपाटे मला पडणार नाहीत, आपल्याला पडतील. मला तिथे जायची हौस नाही. जानेवारी ते मे हा माझा हंगाम आहे, तो मला खाडीत घालवायचा आहे, कोर्टात नाही.

म्हणून हे इंजिन परत घेऊन बिलाप्रमाणे २० इंची शाफ्टचे नवीन इंजिन द्या. याच इंजिनाला जोड देऊन लांबी वाढवण्याची सूचना आपल्या मेकॅनिकने फोनवर केली, ती मला मान्य नाही. दोनदा तापलेले इंजिन मी पुन्हा माणसे बसवून संगमाकडे नेणार नाही. फिल्टर आणि इम्पेलरचे मिळून ५,१५० रुपये परत करा. हंगामातल्या बुडालेल्या दिवसांचा हिशेब वेगळा जोडला आहे, त्यावर बोलायची माझी तयारी आहे. सर्व्हिस कार्डावरचा ‘चालकाची चूक’ हा शेरा मात्र खोडून, तारीख घालून सही करून द्या. तिथे तडजोड नाही. होडीच्या परवान्याच्या वेळी ते कार्ड कोणी पाहिले तर उत्तर मला द्यावे लागेल.

उत्तर २७ जानेवारीपर्यंत लेखी हवे. माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून भरतीची वेळ विचारून घ्या. सुकतीत माझी होडी चिखलात बसलेली असते आणि गुडघाभर चिखलातून जावे लागते. येताना टेप आणायला सांगा.

आपला ग्राहक
(सही)

सोबत : ऑर्डर फॉर्म, बिल व सर्व्हिस कार्डाच्या प्रती, टेप लावून काढलेले पाच फोटो, इंजिनावरच्या पाटीचा फोटो, बुडालेल्या दिवसांचा हिशेब. जुना इम्पेलर माझ्याकडेच ठेवला आहे, पाहायला मिळेल, नेता येणार नाही.