पौरोहित्याची पदविका संथेवर उभी राहू द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

विद्यापीठात पौरोहित्य शिकता येते आणि तिथे प्रवेशासाठी जात किंवा लिंग आड येत नाही, याचा आम्हा वेद व याज्ञिकी (पूजा, होम, संस्कार करण्याची विद्या) शिकवणाऱ्यांना मनापासून आनंद आहे. गाऱ्हाणे आहे ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल. हा विषय वहीवर शिकवला आणि लेखी पेपरवर तपासला की पहिल्या वर्गात पास झालेला विद्यार्थीसुद्धा यजमानाच्या घरी आसनावर बसला की अडतो.

संथा म्हणजे काय, ते आधी सांगतो. गुरुजी ऋचेचा एक चरण म्हणतात, विद्यार्थी तो दोनदा म्हणतात. मग अर्धी ऋचा, मग पूर्ण ऋचा, मग सूक्त. दुसऱ्या दिवशी नवी संथा घेण्याआधी कालची आवृत्ती. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताखाली (खालचा स्वर) आडवी रेघ असते, स्वरितावर (वरून उतरणारा स्वर) उभी रेघ असते, उदात्ताला (उंच स्वर) खूण नसते. पण रेघा पाहून स्वर लागत नाही. तो कानावाटेच गळ्यात उतरतो. आठवड्याला दोन तासिका ठेवल्या की मधल्या पाच दिवसांत मुले एकेकटी घोकतात, चुकीचा स्वर पक्का होतो, आणि बसलेला चुकीचा स्वर काढायला नव्या संथेपेक्षा जास्त वेळ जातो. १५ आठवड्यांत दोन-दोन करून विखुरलेले ३० तास रोज सकाळी ४५ मिनिटे असे ४० दिवस द्या. यात एक रुपयाही वाढत नाही, फक्त वेळापत्रक बदलते.

परीक्षाही तोंडीच हवी. आपल्याकडे शलाका परीक्षेची जुनी रीत आहे: पोथीत काडी घालायची, जे पान उघडेल तिथून विद्यार्थ्याने पुढे म्हणायचे. १०० पैकी ७० गुण याला ठेवावेत आणि स्वर चुकला, अक्षर चुकले, चरण गळला, यांची नोंद वेगवेगळी व्हावी. परीक्षक दोन असावेत, त्यांतला एक बाहेरचा.

दुसरी अडचण शाखेची, म्हणजे घराण्यात चालत आलेल्या वेदपाठाच्या परंपरेची. पुरुषसूक्त घ्या. ऋग्वेदात त्याच्या १६ ऋचा, आणि पहिलीत ‘स भूमिं विश्वतो वृत्वा’. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत तिथे ‘सर्वत स्पृत्वा’ आहे, शिवाय उच्चार ‘पुरुखः’ असा होतो. नाशिक-विदर्भाकडे माध्यंदिन घरे बरीच, कोकणात कृष्ण यजुर्वेदातले हिरण्यकेशी, देशावर आश्वलायन ऋग्वेदी. सर्वांना एकच छापील पुस्तिका दिली की विद्यार्थी एका शाखेचा पाठ दुसऱ्या शाखेच्या घरात म्हणतो, आणि घरातले आजोबा पहिल्याच मंत्राला त्याला थांबवतात. प्रवेशाच्या वेळीच शाखा निवडायला लावा. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शाखेतले फरक शिकवा.

संकल्पाचेही तसेच. विधीच्या आरंभी स्थळ, काळ आणि हेतू सांगणारे वाक्य म्हणजे संकल्प. ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ हे शब्द पुण्यात बरोबर आहेत. जळगावात किंवा नागपुरात ‘उत्तरे तीरे’ म्हणायला हवे. उत्तरेकडचे पंचांग समोर ठेवले तर वद्य पक्षात महिन्याचे नाव बदलते: आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, तिकडे ती फाल्गुनात पडते. संकल्प पाठ करायचा नसतो, दर वेळी नव्याने बांधायचा असतो. त्यासाठी पंचांग वाचनाच्या किमान दहा प्रत्यक्ष तासिका लागतात.

आता विवाह. सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि सर्वांत महागही इथल्याच पडतात. मुहूर्त टळत आलेला, कार्यालय रिकामे करायची घाई, छायाचित्रकार मध्ये उभा. अशा वेळी लाजाहोम (लाह्यांची आहुती) आटोपता घेतला जातो आणि सप्तपदी चार पावलांवर उरकते. आश्वलायन प्रयोगात ईशान्येकडे तांदळाच्या सात राशी मांडतात, ‘इष एकपदी’पासून एकेका मंत्राला एकेक पाऊल पडते आणि शेवटी ‘सखा सप्तपदी भव’. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे, जिथे विधीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार बालविवाह लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वधूवरांच्या वयाचा दाखला पाहिल्याशिवाय अंतरपाट धरायचा नाही, हे पुरोहिताला पहिल्याच वर्षी शिकवले पाहिजे. त्यामुळे कायद्याची एक स्वतंत्र श्रेयांक-तासिका सक्तीची करा. सोबत अनुभवी पुरोहिताच्या हाताखाली किमान बारा कार्ये: पूजा, वास्तुशांत, मौंज, विवाह, अंत्येष्टी. ओल्या समिधांनी मंडप धुराने भरतो, भेसळ करून पातळ केलेल्या तुपाने अग्नी धरत नाही, हे वर्गात कळत नाही.

शिकवणार कोण, हाही प्रश्न आहे. घनपाठी गुरुजींकडे, म्हणजे मंत्रातले शब्द उलटसुलट गुंफून म्हणायचा ‘घन’ हा अवघड पाठ येणाऱ्यांकडे, नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची (पदवीऐवजी प्रत्यक्ष अनुभवावर अध्यापक नेमण्याची) वाट उघडली, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. मात्र ही नेमणूक साधारण तीन वर्षांपुरतीच असते, आणि संहितेपासून (सलग मूळ पाठ) घनापर्यंत एक विद्यार्थी तयार व्हायला याहून कितीतरी जास्त वर्षे लागतात. गुरू मध्येच बदलला तर पाठ मोडतो. राज्याने आपल्या विद्यापीठांत या विषयासाठी वेदाध्यापकाचे कायम पद निर्माण करावे, पात्रता तोंडी परीक्षेने ठरवावी.

शेवटची मागणी नोकरीची. वेदोक्ताच्या वादानंतर (राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायचे की पुराणोक्त, हा वाद) राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापुरात सर्वांसाठी वैदिक शिक्षणाची सोय केली. पंढरपूरच्या मंदिर समितीने २०१४ साली सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. दार उघडले आहे, पण विद्यापीठाची पदविका हातात असलेल्या मुलीला त्या दारातून कोणत्या नियमाने आत जायचे, हे कुठल्याच कागदावर नाही. सरकारी नियंत्रणातल्या मंदिरांच्या सेवाभरती नियमांत ही पदविका आणि शलाका परीक्षेचे गुण पात्रता म्हणून नोंदवावेत. विधी व न्याय विभागाला आपण तसे पत्र येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांआधी पाठवावे, ही विनंती.

आपले,
वेद व याज्ञिकीचे अध्यापक